वस्तीची रात्र आणि ध्वनीचा कायदा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा नावाचे गाव आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी जी वेधशाळा ‘लायगो-इंडिया’ या नावाने आपल्या देशात उभी राहावयाची आहे, तिच्यासाठी देशातील अनेक जागांची पाहणी होऊन अखेरीस याच परिसराची निवड झाली. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने प्रकल्पास तत्त्वतः संमती दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नलिकांतून लेसरचे किरण फिरवून, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही सूक्ष्म असा बदल ज्या यंत्राने टिपावयाचा आहे, त्याला दूरच्या रुळांवरून जाणारी मालगाडी, खडी फोडणारे यंत्र किंवा रस्त्यावरील अवजड वाहतूक यांचा कंपही बाधतो. म्हणून भूमीची निश्चलता हा या स्थळाचा एक प्रमुख गुण ठरला, तो मापून पाहण्यात आला आणि सरकारी दप्तरात त्याची नोंद झाली.

एका यंत्रासाठी शांतता ही मोजून घ्यावयाची, राखून ठेवावयाची आणि तिच्या भंगाचा आधीच बंदोबस्त करावयाची वस्तू आहे, हे आपण सहज मान्य करतो. त्याच जिल्ह्यातील हिंगोली, वसमत, कळमनुरी किंवा सेनगाव येथे राहणाऱ्या मनुष्याच्या रात्रीबद्दल मात्र आपली समजूत अशी की, शांतता ही शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली मेहेरबानी असून, ती मिळाली तर उत्तम, न मिळाली तर सोसावे. वस्तुस्थिती तशी नाही. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले, आणि त्या दिवसापासून या देशातील प्रत्येक निवासी वस्तीची रात्र ही कायद्याने मापलेली रात्र आहे. हे माप काय आहे, ते कसे घेतले जाते, कोणत्या ठिकाणी ते अपुरे पडते आणि त्याची अंमलबजावणी कोणी करावयाची, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

प्रथम मापाविषयी. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये सांगतात आणि या एककाचा स्वभाव लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चढते. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलने वाढली की ती दसपट होते. आपल्या कानाला मात्र ही दसपट वाढ साधारण दुपटीएवढीच भासते. त्यामुळे मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेचा चालक जेव्हा ‘थोडासाच वाढवला’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत असतो असे नाही. त्याच्या कानाला ती वाढ खरोखरच थोडी वाटते. एक मीटर अंतरावर चाललेल्या साध्या संभाषणाची पातळी ६० डेसिबलच्या आसपास असते, आणि निवासी क्षेत्राची मर्यादा नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ अशी ठरविली आहे. औद्योगिक क्षेत्रासाठी हेच आकडे ७५ व ७०, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ व ५५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० असे आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, अशी व्याख्याही नियमांतच आहे. जर्मनीसारख्या देशातही रात्रीच्या शांततेचे तास सामान्यतः हेच मानले जातात. निद्रेची गरज मानवी देहाला सर्वत्र सारखीच असल्यामुळे या साम्यात नवल काही नाही.

अंतराने आवाज किती उतरतो, हेही एकदा गणित करून पाहण्याजोगे आहे. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघणारा ध्वनी, अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. समजा, मंगल कार्यालयाच्या अंगणात लावलेल्या यंत्रणेचा आवाज १० मीटरवर १०० डेसिबल आहे. तो २० मीटरवर ९४, ४० मीटरवर ८८, ८० मीटरवर ८२, १६० मीटरवर ७६, ३२० मीटरवर ७० आणि ६४० मीटरवर ६४ होतो. सव्वा किलोमीटरच्या पुढे गेल्यावरही तो ५८ च्या घरात असतो. मधली घरे, झाडे आणि हवा त्यातील काही भाग शोषून घेतात हे खरे. तथापि हिंगोलीसारख्या बैठ्या घरांच्या गावात, कयाधूच्या काठच्या सपाट प्रदेशात, हिवाळ्याच्या थंड रात्री, एका लग्नघरचा उत्सव पलीकडल्या वस्तीतील आजाऱ्याच्या उशापर्यंत का पोहोचतो, हे या साध्या आकड्यांवरून कळते. कारखान्यातील कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेने जे प्रमाण सुचविले आहे, त्यानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तासांपर्यंत राहता येते, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होत जातो. म्हणजे १०० डेसिबलला तो अवघा १५ मिनिटे उरतो. मिरवणुकीत त्या यंत्रणेच्या पुढ्यात तासन्‌तास नाचणाऱ्या तरुणांच्या कानांची चिंता त्यांच्या वडीलधाऱ्यांनी तरी करावयास हवी.

आता या मापाच्या उणिवेविषयी. नियमांत दिलेले आकडे हे ज्याला ‘ए-भारित’ डेसिबल म्हणता येईल, त्या प्रकारचे आहेत. मनुष्याच्या कानाला मंद पातळीवर खर्जातील स्वर कमी ऐकू येतात, म्हणून मापकयंत्रही ते स्वर कमी करून मोजते. दर सेकंदाला ५० आंदोलने असलेल्या ध्वनीतून ते सुमारे ३० डेसिबल आणि १०० आंदोलनांच्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबल वजा करते. परंतु ज्याला लोक ‘बेस’ म्हणतात आणि ज्याच्यासाठी डीजेची सुपारी दिली जाते, तो नेमका याच पट्ट्यातील असतो. खिडक्यांची तावदाने थरथरणे, भांड्यांच्या मांडणीतून नाद निघणे, छातीत ठोका बसल्यासारखे वाटणे, हे सर्व परिणाम ज्या खर्जामुळे होतात, त्याची दखल मापकयंत्र पुष्कळ अंशी घेतच नाही. शिवाय भिंती वरच्या पट्टीतील स्वर चांगले अडवितात, खर्ज मात्र त्यांतून पार होतो. त्यामुळे अंमलदाराच्या हातातील यंत्र एक आकडा दाखवीत असता घरातील वृद्ध गृहस्थ त्याहून कितीतरी मोठ्या त्रासाची तक्रार करीत असतो, आणि दोघेही आपापल्या ठायी खरे असतात. त्यातच नियमांतील पातळी ही ठराविक कालावधीची सरासरी असल्यामुळे, पाच मिनिटांत गल्लीतून निघून गेलेल्या वरातीचा कल्लोळ तिच्यात विरघळून जातो. खर्जाचे स्वतंत्र माप नियमांत समाविष्ट करणे हे माझ्या मते आज सर्वांत निकडीचे काम आहे. ते होईपर्यंत निव्वळ आकड्यावर विसंबून तक्रार फेटाळणे न्याय्य होणार नाही.

सुदैवाने नियम केवळ आकड्यावर उभे नाहीत. ध्वनिक्षेपक किंवा सार्वजनिक ध्वनियंत्रणा वापरावयाची तर, दिवसादेखील, प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हा प्राधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त अथवा पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला नियुक्त अधिकारी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक चालविण्यास मनाई आहे. अपवाद सभागृहासारख्या बंदिस्त जागेचा आणि सार्वजनिक आपत्तीचा. मंगल कार्यालयाचे हिरवळीचे मोकळे अंगण या अपवादात बसत नाही, हे कार्यालयांच्या चालकांनी ध्यानी ठेवावे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेहून १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जी पातळी कमी असेल तिच्या आत असला पाहिजे. खाजगी जागेच्या हद्दीवर ही सवलत ५ डेसिबलचीच आहे. २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने निवासी वस्तीत रात्रीच्या वेळी मोटारींचे भोंगे, आवाज करणारे फटाके आणि बांधकामाची गोंगाटी यंत्रे यांवरही बंधन आले. उलट २०१७ च्या दुरुस्तीने शांतता क्षेत्राचे संरक्षण क्षीण झाले: पूर्वी रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र गणला जाई, आता राज्य शासनाने तसे विशेषत्वाने जाहीर केल्यावाचून कोणताही टापू शांतता क्षेत्र होत नाही. छोट्या गावातील सरकारी दवाखान्याच्या दृष्टीने हा फरक सामान्य नव्हे.

सण आणि उत्सव यांसाठी नियमांनी एक वाट ठेवली आहे. वर्षातून सर्व मिळून १५ दिवसांपर्यंत, सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी, राज्य शासन रात्री १० ते १२ या दोन तासांची मोकळीक देऊ शकते. महाराष्ट्रात यांपैकी बहुतेक दिवस शासन ठरविते आणि थोडे दिवस स्थानिक महत्त्वानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वाधीन ठेवते. हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यापुढे ही निवड सोपी नसते. महाशिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाची यात्रा भरते. अनंत चतुर्दशीला हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीपुढे नवसाचा मोदक घेण्यासाठी दूरदूरच्या भाविकांची अलोट गर्दी लोटते. आणि रामलीला मैदानावरील दसरा महोत्सव तर दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा सांगतो. यांपैकी प्रत्येक प्रसंग या भूमीचे भूषण आहे आणि त्यांतील आनंदाला आवाज असणारच. मात्र फेब्रुवारी-मार्च हे महिने लग्नसराईचे, शिवजयंतीचे आणि पुष्कळदा महाशिवरात्रीचे असून, बारावीच्या व दहावीच्या परीक्षाही त्याच महिन्यांत येतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही आणि ज्याला गावाबाहेर जाण्याची एकमेव वाट परीक्षेच्या निकालातून जाते, त्याच्या रात्रींचा हिशेब या १५ दिवसांच्या यादीत कोठे तरी धरला जावा. पहाटेच्या बाबतीतही अशीच अडचण आहे. काकडा असो की पहाटेची अजान, दोन्ही सकाळी ६ च्या आधी होतात, आणि शिखरावरील अथवा मिनारावरील कर्ण्याला ती वेळ निषिद्ध आहे. नियमाने निषिद्ध केला आहे तो कर्णा. काकड्याला आणि अजानला निषेध नाही.

येथे या जिल्ह्याच्या मातीतील एका कथेचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेले नर्सी हिंगोलीपासून जवळच कयाधूच्या तीरी आहे, आणि परंपरा सांगते की नामदेव औंढ्याला नागनाथाच्या दारी कीर्तनास उभे राहिले असता, पूजेत व्यत्यय येतो या सबबीखाली पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे जाण्यास फर्माविले. नामदेव मागे गेले, तेथे कीर्तन मांडले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी आजही मंदिराच्या मागील बाजूस दाखविला जातो. ध्वनीच्या कायद्याची गोष्ट निघाली की कोणी तरी ही कथा पुढे करतो, आणि भक्तीच्या स्वराला अडविणारा तो पुजाऱ्यांच्या पंक्तीला बसतो, असा तिचा अर्थ लावतो. मला हा अर्थ पटत नाही. नामदेवांपाशी टाळ होते, वीणा होती आणि स्वतःचा कंठ होता. त्या कंठाची धाव जेथवर, तेथवर जो आला तो आपल्या पायांनी आला होता आणि उठून जाण्यास मोकळा होता. त्यांना हटविण्यात आवाजाची मात्रा हा मुद्दाच नव्हता. दाराशी उभे राहण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न होता. ध्वनिक्षेपकाने ही सगळी स्थिती पालटली. श्रोता आता येत नाही. आवाजच त्याच्या घरात जातो आणि त्याला उठून जाण्यास जागा उरत नाही. कथेतील अन्यायाकडे नीट पाहिले तर आज देवळामागे ढकलला जाणारा मनुष्य कोण आहे, याचा शोध बाळंतिणीच्या खोलीत, रात्रपाळी करून आलेल्या मजुराच्या झोपडीत आणि दवाखान्याच्या खाटेवर घ्यावा लागेल.

परवानगी या शब्दाविषयी मराठवाड्यात जी अढी आहे, तिचेही मूळ समजून घेतले पाहिजे. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि गावाचा कारभार परभणी जिल्ह्यातून चाले. स्वतंत्र हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. निजामी राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकाने जाहीर सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती आणि त्याविरुद्ध येथील कार्यकर्त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. ज्या समाजाच्या स्मृतीत परवानगी म्हणजे तोंड बंद करण्याचे साधन असे कोरले गेले, त्याने ध्वनिक्षेपकाच्या परवान्याकडे संशयाने पाहावे, यात अस्वाभाविक काही नाही. परंतु दोन्ही हुकुमांचे हेतू भिन्न आहेत. गश्ती निशानाला बोलण्याचा आशय खुपत होता आणि त्याने राज्यकर्त्याच्या निद्रेचे रक्षण केले. २००० च्या नियमांना आशयाशी कर्तव्य नाही. भजन, पोवाडा, निवडणुकीचे भाषण आणि चित्रपटगीत या सर्वांना ते एकच माप लावतात, आणि त्यांनी रक्षिलेली निद्रा सामान्य रयतेची आहे. अर्थात हे माप सर्वांना खरोखरच सारखे लावले गेले तरच हा युक्तिवाद टिकतो. एका समाजाच्या भोंग्यावर बोट ठेवावे आणि दुसऱ्याच्या मिरवणुकीकडे पाठ फिरवावी, असे जेथे घडते, तेथे कायद्याची इभ्रत जाते.

न्यायालयांनी या बाबतीत कसूर केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निवाडा या विषयातील आधारशिला होय. त्याच्या मुळाशी जी याचिका होती, तिच्यात एका तेरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचा उल्लेख होता. शेजारी मोठ्याने वाजणाऱ्या संगीतामुळे तिचा आक्रोश कोणाच्या कानी गेला नाही. सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी त्या निवाड्यात स्पष्ट केले की, भाषणस्वातंत्र्यात दुसऱ्याला सक्तीने ऐकविण्याचा हक्क अंतर्भूत नाही, आणि शांततेत जगणे हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकातच हा प्रश्न उच्च न्यायालयात नेला होता, ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीचे सविस्तर निर्देश दिले. आणि २०१८ च्या गणेशोत्सवात डीजेवरील बंधने उठविण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. २३ जानेवारी २०२५ चा मुंबईतील नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवरील निर्णय छोट्या गावांसाठी मला सर्वाधिक मोलाचा वाटतो. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, हे त्यात सांगितले आहेच. परंतु तक्रारदाराची ओळख पोलिसांनी विचारू नये आणि आवाज करणाऱ्याला ती कळू देऊ नये, ही त्यातील सूचना व्यवहाराच्या गाभ्याला हात घालते.

कारण मुंबईत तक्रारदार गर्दीत लपू शकतो, सेनगावात लपू शकत नाही. ज्याच्या घरी वरात आहे तो दुसऱ्या दिवशी आपल्याच दुकानात सामान घ्यावयास येणार असतो, आपल्या शेताच्या बांधाला त्याचा बांध लागून असतो, आणि ‘एकच दिवस तर आहे, भाऊ’ या त्याच्या आर्जवापुढे नियमाचे कलम काढणे उद्धटपणाचे वाटते. नियम ७ अन्वये, मर्यादेहून १० डेसिबल किंवा अधिक आवाज झाल्यास अथवा रात्रीच्या मनाईचा भंग झाल्यास कोणीही तक्रार करू शकतो. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी पुरते. पर्यावरण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. २०२३ च्या जन विश्वास अधिनियमाने तिच्या जागी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली आहे. तथापि तक्रारच आली नाही तर ही सर्व कलमे बासनात राहतात. म्हणून तक्रारीचा भार शेजाऱ्याच्या शिरावरून उतरविणे आणि तो परवाना देणाऱ्या अंमलदाराकडे नेणे, हे स्थानिक कारभाराचे खरे कर्तव्य आहे. परवाना देतानाच यंत्रणेची ताकद, जागा, तोंड कोणत्या दिशेस आणि बंद करण्याची वेळ यांची नोंद घ्यावी, आणि दहा वाजता शिपायाने आपण होऊन फेरी मारावी.

दुसरा मार्ग ग्रामसभेचा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असे ठरविले की, रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद राहतील, जेणेकरून मुलांना अभ्यास करता येईल. या ठरावामागे दंड नव्हता, संमती होती. आणि गावाने संमतीने काय साधता येते ते दाखविले. आवाजाच्या बाबतीत तर ग्रामसभेच्या पाठीशी कायदाही उभा आहे. परीक्षेच्या काळात वरातीत डीजे लावू नये, हलगी आणि ताशा यांवर भागवावे. मंगल कार्यालयाने इसार घेतानाच रात्री दहाची अट करारात लिहून घ्यावी. अखंड हरिनाम सप्ताहात कर्ण्याचे तोंड मंडपाच्या आत वळवावे. आणि वर्षातील सवलतीचे १५ दिवस कोणते, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे उरलेल्या ३५० रात्री कोणाच्या आहेत याबद्दल गावात वाद राहणार नाही. असा ठराव करण्यास साहित्य, निधी किंवा तज्ज्ञ लागत नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी जागोजागी ग्रामसभा भरतातच. लग्नसराईच्या तोंडावर येणारी २६ जानेवारीची सभा या कामासाठी योग्य आहे.